वाटीभर पाणी

केनवडच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा पटकीच्या दिवसांत विहिरींत औषध टाकणारा सरकारी माणूस माझ्याकडे उतरायचा. त्याची बोटं त्या औषधानं कायम तपकिरी पडलेली असत. बोलण्याआधी तो दमलेला श्वास सोडायचा, आणि जुलाब-वांतीच्या प्रत्येक घरी एकच सांगायचा, "पाणी देऊ नका, जुलाब वाढतीन."

एका उन्हाळ्यात तो आला आणि चहा बाजूला ठेवून म्हणाला,

"मास्तर, डॉक्टर नवंच सांगून राह्यला. कलकत्त्याले शोध लागला म्हणे. जंतू आतडं खात नाही. तो इख सोडते, जहरच, अन् त्या इखानं आतडंच अंगातलं पाणी बाहीर टाकते. माणूस सुकून मरते." मग हळूच म्हणाला, "अन् मी पाणी बंद करत होतो."

संध्याकाळी तो मला घेऊन एका म्हातारीकडे गेला. तिचा तरणा लेक मागे पटकीनं गेला होता. दारातच उभा राहून तो म्हणाला, "माय, तुह्या लेकाले पाणी देऊ नको, असं म्याच सांगतलं होतं. माहं चुकलं."

म्हातारी उंबऱ्यावर बसली.

"तू गेल्यावर म्या देलं होतं रे, वाटीभर. लय मांगत होता. मंग तो गेला. इतके वर्सं मले वाटे, म्याच मारलं त्याले."

"पाण्यानं नाही गेला, माय," तो म्हणाला.

तिनं ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.