शेलूबाजारातलं आमचं चूलबंद

निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते मात्र माझ्या सत्तरीपर्यंत चालणार होते. पन्नाशीत मोठा फ्लॅट घ्यायची हौस माझीच. पुढे मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि एवढ्या खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांना हाका मारत हिंडू लागलो. शेवटी एका रविवारी मी बायकोला म्हणालो, "निवृत्त झालो की हा विकू, बँकेचं एकदाचं मिटवू आणि शेलूबाजारला जाऊन राहू."

"ते कुठे आलं?" तिने विचारलं.

प्रश्न रास्त होता. शेलूबाजार म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव. लग्नाआधी नोकरीपायी मी तिथे काही वर्षं काढली होती, आणि तेवढ्या बळावर वऱ्हाड या विषयावर पुण्यात आयुष्यभर अधिकारवाणीने बोलत आलो होतो. तिथे घरं स्वस्त, माणसं मोकळी, जेवण झणझणीत, असं मी तिला पटवलं. ती आली, पण अट घालून. "दिवाळीपर्यंत बघते. नाही रमले तर पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहीन. तुम्हाला यायचं तर या." ती थट्टा करत नव्हती. तिची थट्टा मला ओळखू येते.

दोन खोल्या, पुढे अंगण, मागे न्हाणी, एवढं घर मिळालं. डोक्यावर कर्ज नाही म्हटल्यावर मी दुपारीसुद्धा घोरू लागलो. तिचं मात्र काही खरं नव्हतं. गल्लीतल्या बाया येऊन नुसत्या बसत, आणि ही पुण्याच्या सवयीने विचारी, "काही काम होतं का?" काम नसे. मग त्या उठून जात आणि ही म्हणे, "इथे माझ्याशी कोणी बोलत नाही." मला हसू येई आणि धास्तीही वाटे, कारण दिवाळी जवळ येत होती.

त्यावर मला उपाय सुचला. वास्तुशांत करायची राहिलीच होती, ती करू आणि गल्लीला जेवायला बोलावू. आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच घरोघर फिरलो. तोंडात पुणेरी गोडवा होताच. "उद्या दुपारी सगळ्यांनी यायचं हं. घरी कोणी स्वयंपाक करायचा नाही."

समोरच्या घरातल्या मावशी, साऱ्या गल्लीच्या वडीलधाऱ्या, जरा थांबल्या. "सगळे? लहान-मोठे, पाव्हने बी?"

"अहो, सगळे म्हणजे सगळे."

"बरं," त्या म्हणाल्या.

आमच्या हिशोबाने घरटी एखादं माणूस येणार होतं. त्या बेताने वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या आणि शिरा झाला. दुपारी आधी मावशी आल्या, मागून त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं, आणि माहेरी आलेली लेक जावयासकट. मग शेजारचे बांगड्यांचे दुकानदार भाई आले. दुकानाचं शटर ओढून, तिन्ही भावांची बिऱ्हाडं घेऊन. मला म्हणाले, "साहेब, आज घरात चाय बी नाही ठेवली." हे ते कौतुकाने सांगत होते. मी हसलो आणि बाहेर पाहिलं, तर गल्ली अजून येतच होती.

दुसऱ्या पंगतीला भाजी संपली. तिसरी पंगत बसली तेव्हा भाताच्या पातेल्याचा तळ दिसत होता. मी भाईंना बाजूला घेऊन विचारलं, एवढे सगळे कसे आले? त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"तुमीच तं चूलबंद आवतन देलं. घरी सयपाक करू नका म्हनलं का चूलबंदच झालं न. मंग घरी मानूस कायले राहीन?"

मी गार पडलो. वऱ्हाडात काही वर्षं काढली होती, पण सडाफटिंग, खानावळीत जेवणारा. ज्याच्या घरी चूलच नाही त्याला चूलबंद आवतन कोण देणार? साऱ्या गल्लीच्या चुली मी माझ्या शब्दावर विझवून ठेवल्या होत्या.

आत गेलो तर बायको तांदळाच्या रिकाम्या डब्यापाशी उभी होती. "आपण परत जाऊ," ती हळूच म्हणाली. "दिवाळीची वाट बघायला नको. या लोकांना मी उद्या तोंड कसं दाखवू?" आणि तिचे डोळे भरले. इतका मूर्ख मी मला कधी वाटलो नव्हतो.

तेवढ्यात मावशी आत आल्या. समजूत वगैरे काढायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. "काहून रडून राह्यली व बाई? बेसन कुठं ठेवते?" बेसन हिने दाखवायच्या आत त्यांच्या सुनेने शोधलं होतं. भाईंची बायको घरून ज्वारीचं पीठ घेऊन आली. कोणी मिरच्या वाटायला घेतल्या, कोणी माझ्या बायकोच्या हातात पळी दिली. "हालवत राह्य, गाठी होतीन." गाठी झाल्याच. "पुन्याचं बेसन हाय, असंच राह्यते," मावशी म्हणाल्या, आणि आतून हसण्याचा गलका आला. त्यात माझ्या बायकोचाही आवाज होता. मी तो नीट कान देऊन ऐकला.

तिसरी पंगत बेसन-भाकरीवर, म्हणजे पुण्याच्या भाषेत पिठलं-भाकरीवर, उठली. बाया शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात जेवल्या आणि दिवेलागणीपर्यंत बसल्या. काम कोणालाच नव्हतं.

सगळे गेल्यावर ती पायरीवर येऊन बसली. कोपरापर्यंत पीठ तसंच होतं. सामान बांधायचं का, हे विचारायचा मला धीर होईना.

"पुण्यात एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "पण माझ्या स्वयंपाकघरात कोणी बाई न विचारता शिरली नाही. इथे डबेसुद्धा उचकले माझे."

मला ती तक्रार वाटली. मी मान खाली घालून माफी मागितली.

"ऐका तर," ती म्हणाली. "उद्या बाजारातून मोठं पातेलं आणा. दिवाळीला मावशी म्हणतात तसं चूलबंद करू. पण या वेळी आवतन द्यायला मी जाणार. तुम्ही घरी बसा."

मी घरी बसायला एका पायावर तयार झालो.