देवीला मी वेळ ठरवून दिली

देवीवर माझा विश्वास आहे, पण त्या सकाळी तो मोबाइलवर जास्त होता, हे कबूल केलेलं बरं. आमची लेक विमान चालवायला शिकते. गोंदियाजवळच्या बिरसीहून यवतमाळच्या धावपट्टीपर्यंत ती पहिल्यांदाच एकटी येणार होती. दोन्हींमधलं अंतर मी नेटवर शोधलं. अडीचशे किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं. साऱ्या तांड्याला तेच सांगत सुटले आणि दोन जीप भरून माणसं बघायला घेऊन आले.

आमच्या बंजारा घरांत आनंदाच्या वेळी भोग लावतात. रसरशीत निखाऱ्यांवर लापशी-तूप वाहायचं आणि अरदास, म्हणजे देवीची प्रार्थना, म्हणायची. विमान टेकताच जगदंबेला भोग लावीन, असं मी बोलले होते. लेक निघाल्याचा फोन आला तशी धावपट्टीच्या कुंपणासमोर, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या.

पन्नास मिनिटं झाली. सव्वा तास झाला. आभाळ रिकामं, लेकीचा फोन बंद, निखाऱ्यांवर राख चढत चाललेली. मी आधी देवीवर चिडले, मग तिच्याशी सौदे करायला लागले, हे सोडते, ते सोडते. शेवटी मागायचंही सुचेना. "माय, पोर तुझी आहे," एवढंच तोंडून निघालं आणि मी तिथंच मातीत बसले.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली. "काहून रडून राह्यली, माय?" मी सगळं सांगितलं. तिनं भारा खाली टाकला.

"पन्नास मिन्टं मोठ्या इमानाले लागत असतीन. मी किती वर्सापासून इथं गवत कापून राह्यली. गोंद्याचं बारकं इमान दीड घंट्याच्या आत कधी येत नाई." मग घमेल्याकडे बघून म्हणाली, "आमी जयभीमवाले, आमच्यात हे नसते. पन इस्तो इझू देऊ नको." शेजारच्याच आपल्या घरून चार गोवऱ्या आणून तिनं निखाऱ्यांवर ठेवल्या आणि स्वतः फुंकर घातली.

गोवऱ्या धगधगल्या आणि पूर्वेकडून घरघर ऐकू आली. लेकीनं विमान इतकं अलगद टेकवलं की सारा तांडा कुंपणाशी नाचायला लागला. आमच्या ह्यांनी, एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माणसानं, तुपाच्या डब्याचं झाकण घेऊन बडवलं. मी रडत रडत भोग लावला. म्हातारीनं हातावरची लापशी खाल्ली, भारा उचलला आणि गेली.

लेक बाहेर आली ती हसतच, आमच्या बोलीत आईला हाक मारत. "याडी, रडते कायले? मी तं ठरल्या वेळेच्या दोन मिन्टं आधीच आली."

देवीनं उशीर केलाच नव्हता. चुकीचा आकडा मी धरला आणि तिच्या माथी मारला. तरी तिनं मला एकटं सोडलं नाही, तिला न मानणाऱ्या घरची माय तिनं माझ्याकडे पाठवली. त्या माउलीचं नाव विचारायचं राहिलं, ते मनाला लागून आहे. आता लेक वरचेवर उडते. कधी पोचशील, हे मी ना तिला विचारत, ना देवीला. हात जोडते आणि भाकरी थापायला घेते.