सुनंदाताईंचा पार्सर

सुनंदाताई ढोले देवळीहून आमच्या वर्ध्याच्या महाविद्यालयात आल्या, तेव्हा इथे प्रोग्रामिंग शिकवणारा मी एकटाच होतो आणि ते मला आवडत असे. ताई गणिताच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे फंक्शनल प्रोग्रामिंगचे, म्हणजे लहान लहान फंक्शने जोडून प्रोग्राम रचण्याच्या पद्धतीचे, पुस्तक मागितले. ‘तुमच्या कामाचे नाही,’ असे सांगून मी ते कपाटातच ठेवले. त्यांच्या एकसष्टीच्या ग्रंथात हे कबूल करणे भाग आहे.

पुस्तकावाचून त्या शिकल्या. पार्सर म्हणजे मजकुराची फोड करून संगणकाला त्याचा अर्थ लावून देणारा प्रोग्राम. तयार कोडची एक लायब्ररी घेऊन ताईंनी आधी फक्त एक अंक ओळखणारा पार्सर लिहिला, मग पूर्ण संख्येचा, मग शब्दाचा; आणि ते लहान पार्सर त्या एकमेकांना जोडत गेल्या. पहिला अंक ओळखला गेला तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मनात हसलो.

महाविद्यालयातर्फे आम्ही शेतकऱ्यांचे मोबाइल संदेश घेऊन कीडसल्ला पाठवत असू. संदेश वाचणारा प्रोग्राम माझा. आंजी गावच्या काही शेतकऱ्यांना उत्तरेच जात नव्हती. चूक माझी असणार हे कळूनही मी नेटवर्कला दोष देत राहिलो. आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी ताई माझ्या खोलीत आल्या.

“सर, ‘दीड एकर’, ‘अडीच एकर’ असं अक्षरात लिवलं का तुमचा प्रोग्राम तो संदेश सोडून देऊन राह्यला. माह्या पार्सरले समजते. मी कोणाले सांगतलं नाई. बसा, दाखवतो.”

माझ्या शेकडो ओळींचे काम त्यांनी एका पानात बसवले होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. तरी बसलो. ती दुपार आणि पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला शिकवले, पुस्तकाचा विषयही न काढता.

बैठकीत त्यांनी ‘सरांनी आणि मी दुरुस्ती केली’ असे सांगितले. ते मला अधिकच टोचले. मी उठलो, चूक माझी आणि काम एकट्या ताईंचे आहे, एवढे बोलून खाली बसलो. त्याच आठवड्यात आंजीला उत्तरे पोहोचली.

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यातल्या प्रत्येक वर्षी त्यांनी काहीतरी नवे शिकावे, हे लिहिताना आजही मला थोडे जड जाते. तरी मनापासून लिहितो.