सिल्लोडची अरवा

अरवा अकरा वर्षांची असताना अदनहून आली. वडिलांना इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करायची होती, तीन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. वर्षभरात तिकडं येमेनमध्ये युद्ध पेटलं आणि परतणं राहूनच गेलं. परदेशी म्हटल्यावर तीन घरमालकांनी नकार दिला. शेवटी रईसाखालांनी वरच्या दोन खोल्या दिल्या. खाला शिवणकाम करत. त्यांच्या मशीनजवळ बसूनच अरवा मराठी शिकली. वरती अरबी, जिना उतरला की मराठी. आता विशीतली अरवा फार्मसी कॉलेजात जाते. कुणी गाव विचारलं की बेधडक सांगायची, "सिल्लोड." ते खालांचं माहेर.

एकदा भाजीचा गाडा लावणाऱ्या आवडाबाईंनाही तिनं तेच सांगितलं. आवडाबाई निघाल्या सिल्लोडच्याच.

"व्हय? कुणाची गं तू?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "रईसाखालांची भाची," ती घाईत म्हणाली.

"म्हंजी तिच्या भावाची, करीमची लेक!"

अरवानं मान हलवली आणि भाजी न घेताच पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई खालांच्या दारात.

"रईसा, करीमनं लगीन कधी उरकलं? आन् एवढी घोडी झाली पोरगी, तरी तू बोलली नाय!"

जिना उतरणारी अरवा तिथंच थबकली. करीममामूंचं लग्न झालेलं नाही, हे मान हलवताना तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलणारे भाडेकरू कोण ठेवील? बाबांना पुन्हा खोलीसाठी दारोदार फिरावं लागणार.

खालांनी आवडाबाईंना कसंबसं वाटेला लावलं आणि अरवाला हाक मारली.

"माझा भाऊ वीस वर्षं झाली बायको शोधतोय. तू त्याला एका दिवसात बाप केलंस!"

अरवा रडायलाच लागली. "खाला, खोली काढून घेऊ नका."

"खोलीचं कोण बोलतंय? अदन सांगायला काय झालं तुला?"

"अदन म्हटलं की लोक विचारतात, किती मेले, घर पडलं का, परत कधी जाणार. सिल्लोड म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

खालांनी मशीन थांबवली. म्हणाल्या, "खोली तुमचीच आहे. पण करीमच्या गळ्यात लेक तू मारलीस, ती तूच काढ. जा, आवडाबाईला खरं सांग."

अरवा गेली. सगळं सांगितलं. पालकाची जुडी हातात धरून आवडाबाई ऐकत राहिल्या. आता युद्धाचं विचारणार, म्हणून अरवा मान खाली घालून उभी.

"तिकडं भेंडी मिळती?"

"मिळते की. आई मटणात घालते."

"मटणात भेंडी! अगं बया, चिकट व्हत नाय?"

"नाही ना! आधी ती चांगली परतायची..." अरवानं पिशवी खाली ठेवली आणि हातवारे करून सांगू लागली. मागं तीन गिऱ्हाइकं खोळंबली. आवडाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.