कडू घास

माझी तीन वर्षांची मुलगी तापाने गेली आणि माझी प्रार्थना बंद पडली. भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहिलं की राग यायचा. रेमोंशी लग्न करून मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आई म्हणाली होती, तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही. सहा वर्षं तिने ते पाळलं. ज्या प्रभूपायी माहेर तुटलं, त्यानेच माझी कूस उजाड केली, असं मनात घर करून बसलं.

आम्हा मराठी लोकांत मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे जेवण आणतात, बळेच कडू घास भरवतात, मग घर पुन्हा रांधायला लागतं. ह्या बेटावर प्लेन मान्येन गावातल्या आमच्या गल्लीत मात्र सगळे क्रेओल, रेमोंसारखे आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती. मयताला ते आले, माझ्याबरोबर रडले. पण चूल थंड ठेवायची रीत त्यांच्यात नाही. धूर दिसेना तेव्हा त्यांना वाटलं मी नवसाचा उपास धरलाय, आणि ते आदराने लांब राहिले. मीही हट्टी. मागून आणलेला कडू घास कसला? रेमों विमानतळावर हमाली करायचा. तो दुकानातला पाव खायचा आणि मला विनवायचा. त्याने माझ्या माहेरी, बों अक्योय गावी, आईकडे निरोप धाडला होता, पण उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी मला उभंही राहवेना. मी ना देवाची ना माणसांची, हे मला पुरतं पटलं होतं. जगावंसं वाटत नव्हतं.

त्या दुपारी आई दारात उभी राहिली. दोन बस बदलून, फडक्यात बांधलेलं डाळभाताचं पातेलं घेऊन आली होती.

"ऊठ गो," एवढंच म्हणाली. तिने भरवलेला घास तोंडात नुसता फिरत राहिला.

"गीळ."

मी गिळला. मग पदराने घाम पुसत ती म्हणाली, "आता पानी दे. लय लांबनं आलंय."

"आये, ह्या माज्या घरचं पानी."

"ठाव हाय मला."

भिंतीचा आधार घेत मी उठले आणि पेला भरून दिला. ती घटाघटा प्याली. प्रभूनेही एकदा विहिरीवर अशाच एका बाईकडे पाणी मागितलं होतं, जिच्या हातचं त्याचे लोक घेत नसत. चर्चमध्ये मी ते कितीदा ऐकलं होतं. तो तहानलेला माझ्याच दारी येईल, आणि तोही लुगडं नेसून, हे कधी मनात आलं नव्हतं.

दुःख हललं नाही. आजही ते जागच्या जागी आहे. मी रागाने प्रभूकडे लेक परत मागत होते आणि त्याने माझ्याकडे नुसतं पाणी मागितलं. तेवढंच मला देता आलं. शरण जाणं म्हणजे काय, ते मला इतकंच कळलंय, आणि तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

संध्याकाळी मी चूल पेटवली. रेमों कामावरून आला. मी सवयीने तीन ताटं मांडली, तिसरं लहानसं, लेकीचं, जर्मनचं. ते लक्षात आलं तशी मी ते उचलायला वाकले. आईने ते ताट स्वतःकडे ओढलं आणि ती जेवू लागली.