पेन्सिलीतला सरदार

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांच्या भिंतीवर घराण्याची वंशावळ आहे. स्कॉटलंड सोडून अमेरिकेत रान तोडून शेती करायला गेलेली माणसं. कागद सापडला की नाव शाईने, नुसतं ऐकीव असलं की पेन्सिलीने, हा त्यांचा नियम. सगळ्यांत वर, पेन्सिलीत, मूळपुरुष. "आल्झो, सरदार होता!" असं ते येणाऱ्या प्रत्येकाला, इथल्या जर्मनांसारखं 'आल्झो' म्हणजे 'तर मग' म्हणून, सांगायचे.

गेल्या रविवारी मला वर बोलावलं. त्या मूळपुरुषाचा जहाजावर चढतानाचा करारनामा मिळाला होता. तो निघाला मेंढपाळ. सहीच्या जागी नुसती फुली. मला वाटलं, म्हातारा आता खचणार. त्यांनी खोडरबराने 'सरदार' पुसलं, 'मेंढपाळ' असं शाईने लिहिलं आणि शेजारी तश्शीच फुली काढली.

"अक्षर येत नव्हतं, तरी समुद्र ओलांडला पठ्ठ्याने! तुमच्या घराण्यात असं कोण?"

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या होस्टेलच्या संमतीपत्रावर आईचा अंगठा आहे. तो कागद मी इथे कुणालाच दाखवला नव्हता. खाली जाऊन घेऊन आले.

चष्मा चढवून त्यांनी तो निळा ठसा बराच वेळ पाहिला आणि उठून उभे राहिले.

"हा तर शाईतच आहे," ते म्हणाले.