गावच्या जावयाच्या हातातली कळ

माझी जीप भर रस्त्यात बंद पाडली, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. टाकीत डिझेल होतं, बॅटरी नवी होती, आणि आठच दिवसांपूर्वी मी स्वतः उभी राहून ऑइल बदलून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर बऱ्याच जणांनी मला मान हलवत समजावलं की जुनी गाडी आणि वर बाईमाणूस, असं व्हायचंच.

जीप मूळची नवऱ्याची. त्याच्या कंबरेनं दगा दिला तेव्हा मी लायसन काढलं आणि राणीसावरगाव ते गंगाखेड प्रवासी न्यायला लागले. सुरुवातीला पुरुष माझ्या गाडीत बसायला कचरायचे. बायका मात्र पहिल्या दिवसापासून बसल्या. बायका बसल्या की बोलतात, आणि सुकाणू धरलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. ऐकायचं आणि गाडीतच ठेवायचं, एवढी अक्कल मला होती.

त्यातूनच मी मुराळी झाले. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणाला न्यायला माहेरचं माणूस येतं, तो मुराळी. भावानं नाहीतर चुलत्यानं करायचं ते काम. पण आता भाऊ पुण्याला कंपनीत आणि चुलत्याचे गुडघे गेलेले. मग लेकींच्या आया मला फोन करायच्या, "तूच मुराळी हो गं बाई, तुज्या भरवशावर हाय लेक." मी माहेरची शिदोरी घेऊन जायचे, सासऱ्याच्या ओसरीवर चहा घ्यायचे आणि लेक घेऊन निघायचे. मुराळ्याला कोणी अडवत नाही. रीतच तशी आहे.

आता माझी चूक सांगते. प्रवासी गाडी म्हणून सरकारी नियमाचं एक यंत्र माझ्या जीपमध्ये होतंच, गाडी कुठं आहे ते सांगणारं. पण त्या वर्षी दोन जीपा चोरीला गेल्याची बोलवा होती, म्हणून मी तालुक्यातल्या एका दुकानातून आणखी एक बसवून घेतलं. त्याला इंजिनाची वायर तोडणारी एक काळी डबी असते. मोबाइलवर बोट दाबलं की गाडी जागच्या जागी बंद. दुकानदार आमच्या गावचा जावई. माझा मोबाइल तेव्हा बटणांचा होता, म्हणून तो म्हणाला, "मामी, माझ्याच मोबाइलात ठेवतो, मी लक्ष ठेवीन." मी खुशाल हो म्हटलं. गावचा जावई म्हणजे घराघरातला जावई. त्याला पासवर्ड मागायचा म्हणजे जेवायला बसवून ताट ओढून घेतल्यासारखं. नंतर मी साधा का होईना, बोटानं चालवायचा मोबाइल घेतला, पण ती कळ त्याच्याकडंच राहिली.

पंचमीच्या तोंडावर पालमहून एका आईचा फोन आला. तिची लेक लग्नाआधी नर्सचं शिक्षण घेतलेली. सरकारी जागेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. मूळ कागद घेऊन परभणीच्या कचेरीत तीनच्या आत हजर राहायचं, नाहीतर जागा खालच्या नंबराला. सासरी हे सांगायची सोय नव्हती. आमच्या घरची सून दवाखान्यात रात्रपाळ्या करणार का, असं सासऱ्यानं आधीच बजावलं होतं. आई म्हणाली, "पंचमीचं म्हून काढ तिला. आधी परभणी, मंग माहेरी आण."

मी गेले. शिदोरी ठेवली, चहा घेतला. सासऱ्यानं विचारलं, "पंचमी करून कवा धाडता?" मी म्हटलं, "चार रोजांनी." खोटं एक अक्षर बोलले नाही, खरं मात्र अर्धंच सांगितलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही. पोरीनं सगळे कागद नव्या साडीच्या घडीत ठेवले होते.

गंगाखेड मागं टाकलं, गोदावरीचा पूल ओलांडला. पोरगी पहिल्यांदा नीट हसली. बारा वाजले होते, दैठणा अजून यायचं होतं, आणि इंजिन एकदम गप्प झालं. सुकाणू जड, ब्रेक दगडासारखा, मागून ट्रकचा भोंगा. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले तेव्हा कुठं जीप कडेच्या चिखलात टेकली. ट्रक आरशाला घासून गेला. पोरीचा हात माझ्या दंडात रुतला होता.

बॉनेट उघडते तोवर जावयाचा फोन. "मामी, जाग्यावरच थांबा. ठाण्यातून साहेबांचा फोन आलता. मीच बंद केली गाडी."

झालं होतं असं. माझी गाडी त्याच्या मोबाइलात दिसते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून पोरीच्या सासऱ्यानं सहज दुकानदार जावयाला फोन करून विचारलं, पोचल्या का पालमला. जावयानं मोबाइलात पाहून सांगितलं, "ह्यो ठिपका तर परभणीच्या रस्त्याला जायलाय." सासऱ्याच्या ओळखीचं माणूस ठाण्यात. सून पळवली, एवढं त्यानं सांगितलं. ठाण्यातून जावयाला फोन, जावयाचं बोट मोबाइलवर, आणि माझा पाय ब्रेकवर. कोणी एक कागद लिहिला नाही. गाडीत दोन बायका आहेत आणि मागून ट्रक येतो आहे, हे त्या ठिपक्यात दिसत नव्हतं.

मी फोनवर ओरडले, "जावईबापू, आमी मेलो असतो की!"

"मी काय करू मामी, पोलिसांनी सांगितलं," तो म्हणाला.

ती काळी डबी कुठं बसवली आहे ते मला ठाऊक होतं. तोडून निघाले असते. पण जीप निघाली की ठिपकाही निघणार, आणि तो ह्यांना थेट कचेरीच्या दारात नेऊन सोडणार. म्हटलं, ठिपका राहू दे इथंच. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि परभणीची एसटी अडवली. ड्रायव्हर शिव्या द्यायला तोंड उघडत होता, पोरीला पाहून त्यानं दार उघडलं. मी तिला म्हटलं, "मोबाइल बंद कर. कागदावर शेवटचा शिक्का बसला की मगच चालू कर." एसटी गेली आणि मी जीपच्या पायरीवर जाऊन बसले.

अर्ध्या तासानं मोटारसायकलवर दोघं शिपाई आले, जीप दुसऱ्या गाडीला बांधली आणि मला ठाण्यात नेलं. कोणत्या ठाण्यात ते लिहीत नाही. मला नावं घेऊन भांडायचं नाही, झालेल्या गोष्टीशी भांडायचं आहे.

टेबलामागं साहेब, बाजूला बाकावर सासरा. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता. तीन वाजेपर्यंत ह्यांना कचेरीचा पत्ता लागायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एक फोन केला असता तर सासऱ्याच्या भावकीनं पोरीला रांगेतून ओढून काढलं असतं.

"मावशी, पोरगी कुठाय?"

"तिच्या कामाला गेली."

"कसलं काम?"

"ते तिला इचारा."

"तिचा फोन बंद लागायलाय."

"मंग चालू झाल्यावर इचारा."

साहेबांनी माझा मोबाइल काढून आपल्या टेबलावर ठेवला. मी विचारलं, "साहेब, गाडी बंद करायचा लेखी हुकूम हाय का?"

"हुकूम कशाला लागतो? फोन केला, झालं," ते हसून म्हणाले. ते हसणं मला फार लागलं. माझ्या घरच्या कोंबड्या हाकलायलासुद्धा ह्याहून जास्त विचार करावा लागतो.

मग त्यांनी आपला मोबाइल पुढं सरकवला. जावयानं माझ्या जीपचा तीन महिन्यांचा प्रवास पाठवून दिला होता. नकाशावर सगळ्या रेघा. साहेब बोटानं दाखवत गेले. इथं अमुक दिवशी वीस मिनिटं, तिथं तमुक दिवशी एक तास. "आणि हे दर गुरुवारी पालममधी, ह्या गल्लीत दोन-दोन तास उभी राहती गाडी. कुणासाठी?"

मला घाम फुटला. स्वतःसाठी नाही. त्या गुरुवारी माझ्या गाडीत एक बाई असायची. ती कुठं जायची आणि का, हे तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि सासरा बाकावर कान टवकारून बसला होता. तिनं काही वाईट केलं नव्हतं. काय केलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही आणि वाचणाऱ्यांनी राग मानू नये, तुम्हालाही सांगणार नाही.

"चोर असल्यासारखं तोंड कामून पाडलंय मावशी? भल्या माणसाला लपवायला काय असतं?"

तिथं माझं डोकं सटकलं. म्हटलं, "साहेब, तुमच्या घराला दार हाय का न्हाई? मंग भल्या माणसाच्या घराला दार कशाला लागतं?"

सासरा म्हणाला, "लय शिकलेली दिसती." मी चौथी पास आहे.

त्यांनी सांगून पाहिलं की पत्ता दे, आत्ता गाडी चालू करतो. मग सांगितलं की पळवल्याचा गुन्हा लागेल, लायसन जाईल. लायसन गेलं तर घरात चूल कशी पेटणार हे मला कळत होतं. पण घड्याळात दोन वाजून गेले होते, आणि मी मनात म्हणत होते, आणखी थोडं, बाई, आणखी थोडं. तीन वाजले. सव्वातीन झाले. साडेतीन.

पावणेचारला टेबलावर माझा मोबाइल वाजला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा चालू केला. पोरीचा आवाज आला, "मावशी, झालं गं! शिक्का बसला. नाव पक्कं झालं."

मी ठाण्यात सगळ्यांसमोर रडले. लपवलं नाही.

साहेब म्हणाले, "तुम्हाला कोणी पळवलं का?"

पलीकडून ती म्हणाली, "मी पंचवीस वर्षांची हाय साहेब. माज्या पायानं आले. आबा तिथं असतील तर त्यांना सांगा, पंचमी करून घरीच येते, आन पुढच्या महिन्यात नोकरीवर जाते."

बाकावरच्या आबांनी उपरणं झटकलं आणि उठून गेले. साहेब कपाळ चोळत म्हणाले, "एवढंच होतं तर सांगायला काय झालं होतं मावशी?"

"इचारायचं तिला होतं साहेब. तुमी माज्या गाडीला इचारलं."

त्यांनी जावयाला फोन लावला, गाडी चालू करायला सांगायला. मी म्हटलं, राहू द्या. ठाण्याच्या आवारात जीपचं दार उघडलं, सुकाणूखाली पाठीवर पडले, दुकानातलं ते यंत्र काळ्या डबीसकट उपटलं आणि वायरची दोन टोकं जोडून त्यावर पट्टी गुंडाळली. दोन शिपाई बघत उभे होते. सरकारी यंत्राला हात लावला नाही, तो कायदा आहे. किल्ली फिरवली, जीप माझ्या हातानं चालू झाली.

पंचमीला जावई गावात आला. गावच्या जावयाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. मी त्याला चहा पाजला, हातावर नारळ ठेवला आणि नारळावर ती डबी. तो मान खाली घालून गेला.

गुरुवारची बाई त्यानंतर माझ्या गाडीत बसली नाही. मी तिला सगळं खरं सांगितलं, म्हणूनच बसली नाही. ती आता कशी जाते, जाते की नाही, मला माहीत नाही. ह्याचा राग अजून गेलेला नाही आणि मी तो जाऊही देणार नाही.

दिवाळीआधी आणखी एका आईचा फोन आला. तिच्या लेकीला सासरहून काढून परभणीला वकिलाकडं न्यायचं होतं. तिनं हळूच विचारलं, "मुराळी होशील, पण तुज्या गाडीत ते यंत्र हाय का आजून?"

"सरकारी हाय," मी म्हटलं.

"मंग कसं?"

मी जीप धुऊन दारात लावली, किल्ली नवऱ्याच्या उशाशी ठेवली आणि शिदोरी घेऊन एसटीनं निघाले. परत येताना आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो, बायकांची दोन अर्धी तिकिटं काढून. ज्याला बघायचं होतं त्याला माझा ठिपका दिवसभर माझ्याच दारात उभा दिसला असेल.